कमळातील वधस्तंभ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

म्हैसुरातील सेंट बार्थोलोम्यूचे जुने प्रार्थनामंदिर आणि 1906 साली स्थापन झालेले मिशन हॉस्पिटल ज्या दक्षिण भारत मंडळीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या सी. एस. आय.च्या, छत्राखाली येतात, तिच्या बोधचिन्हात वधस्तंभ, कमळ व पवित्र आत्म्याच्या सूचक अग्निजिव्हा एकत्र गुंफलेल्या आहेत. त्याविषयी काही भ्रम मात्र रूढ आहेत.

गैरसमज : म्हैसुरातील सर्व चर्चांचे चिन्ह एकच.
वस्तुस्थिती : प्रवाशांच्या नजरेत प्रथम भरणारे सेंट फिलोमिनाचे जोडशिखरी मंदिर रोमन कॅथलिकांचे, पोपच्या अधिकाराखालचे. सी. एस. आय. मात्र स्वातंत्र्यानंतर दीड महिन्याच्या आत, 27 सप्टेंबर 1947 रोजी, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल या परंपरांच्या ऐक्यातून जन्मास आली. म्हणूनच सर्वांनी एक व्हावे ही योहानाच्या शुभवर्तमानातील येशूची प्रार्थना तिचे ब्रीद ठरली.

गैरसमज : कमळ ही अलीकडची उसनवारी.
वस्तुस्थिती : मद्रासच्या सेंट थॉमस माउंटवरील, पहलवी लेख कोरलेल्या प्राचीन क्रूसाच्या पायथ्याशी कमळदळे आहेत आणि चीनमधील शीआनच्या 781 सालच्या शिलालेखावरील क्रूसही कमळावरच उभा आहे. नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीनेही आपल्या चिन्हात कमळास स्थान दिले.

गैरसमज : इस्पितळावरील तांबडा क्रूस हेही मंडळीचेच चिन्ह.
वस्तुस्थिती : ते 1864 च्या जिनिव्हा करारातून आलेले, स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून सिद्ध झालेले, युद्धातील जखमींच्या शुश्रूषेचे संरक्षक चिन्ह असून, भारतात 1960 च्या कायद्यान्वये त्याचा विनापरवाना वापर निषिद्ध आहे, मग तो वापर एखाद्या खासगी दवाखान्याचा असो की औषधांच्या दुकानाचा.

गैरसमज : सभासदाने बोधचिन्ह कोठेही छापावे.
वस्तुस्थिती : गळ्यात वधस्तंभ धारण करणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न होय, परंतु बोधचिन्ह हे सनदेवरील शिक्क्यासारखे असल्यामुळे, बाप्तिस्म्याच्या वा विवाहाच्या दाखल्यावर ते जसे शोभते, तसे खासगी अर्जावर, निवडणुकीच्या पत्रकावर किंवा वर्गणीच्या पावतीवर शोभत नाही, कारण तेथे मंडळीने न दिलेली मुखत्यारी वाचकास दिल्यासारखी भासते. ही पूजेची वस्तूही नव्हे. भिन्न परंपरांनी आपापले अभिमान बाजूस सारून केलेल्या कराराची ती खूण आहे, आणि एका गटाने दुसऱ्याविरुद्ध ती मिरवणे हाच तिचा सर्वांत मोठा दुरुपयोग होय.