सुईणीची नात आणि परिचारिकेची परीक्षा

माझी आजी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावची सुईण होती. नाळ कापणे हे विटाळाचे काम, म्हणून ते आमच्या वस्तीच्या वाट्याला आले. मूल जन्मेपर्यंत तिचा हात घरोघर चाले. नंतर ती बसलेली जागा सारवून घेत. मोबदला पायलीभर ज्वारी. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्तीने मेलेली ढोरे ओढणे सोडले. आजीचे काम मात्र सुटले नाही. अडलेल्या बाईला नाही कसे म्हणायचे?

माझ्या धाकट्या बहिणीने तेच काम शिकून, परीक्षा देऊन पत्करले. आपल्याकडे परिचारिकेच्या नोंदणीसाठी वेगळी परीक्षा नाही. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली, की महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढते. त्यामागे १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आहे. अमेरिकेत शिक्षणानंतर परवान्याची स्वतंत्र परीक्षा असते. आपल्याकडे सारा भार या एका अंतिम परीक्षेवर पडतो.

प्रात्यक्षिकात पोट चाचपून बाळाचे डोके कुठे आहे ते सांगायचे, ठोके ऐकायचे, वार पूर्ण पडली का ते तपासायचे. वार आजीही पसरून पाहत असे. पण नाळ ती विळ्याने कापी, आणि धनुर्वाताने दगावलेले मूल ‘सटवीने नेले’ असे गाव म्हणे. पाते निर्जंतुक का हवे, हे परीक्षा विचारते. म्हणून सुईणपणाचे गोडवे गाऊन परीक्षा नाकारणे मला मान्य नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. तोंडी परीक्षेत बहिणीला वारेविषयी इंग्रजीतून प्रश्न आला. ती गप्प राहिली आणि नापास झाली. घरी मी तोच प्रश्न मराठीत विचारला. ती न अडखळता म्हणाली, “तुकडा आत राहिला तर पिशवी नीट आकसत नाही, दादा. रक्त थांबत नाही. बाई जाते.” पुढच्या खेपेस ती उत्तीर्ण झाली.

औषधांची नावे, मात्रा इंग्रजीत वाचता आल्याच पाहिजेत. तिथे चूक जीवावर बेतते. पण तिच्यापुढे येणारी बाळंतीण वऱ्हाडी बोलते, गोरमाटी बोलते, कोलामी बोलते. तिच्याशी बोलता येणे ही पात्रता नव्हे काय? ती कोणत्या गुणपत्रिकेत मोजतात?

आजीच्या हाताने निम्मे गाव जन्मले. तिचे नाव कोणत्याही वहीत नाही. बहिणीचे आहे, क्रमांकासह. जातीने लादलेले काम आणि स्वतः निवडलेला व्यवसाय यांत अंतर पडते ते या नोंदीने. तिथवर जाणाऱ्या आपल्या मुलींचे ज्ञान जरूर तपासा, कसून तपासा. पण इंग्रजी येत नाही म्हणून काम येत नाही, असा निकाल देऊ नका.