अंतर तेच, वेळ वेगळी

न्यूयॉर्क ते लंडन हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. तरी जायला साधारण सात तास लागतात, परतायला आठ. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेचा प्रवास लवकर नको का संपायला? नाही, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पाडतो तो दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा जेट प्रवाह. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या जोरावर एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत लंडनला पोचलं; जमिनीच्या हिशेबानं ताशी १,३०० किलोमीटरपर्यंत मजल मारत. म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडला? तेही नाही. ती तुलना भोवतालच्या हवेशी करायची असते, आणि इथे ती हवाच विमानाला घेऊन पळत होती. परतीच्या विमानांना मात्र हाच वारा चुकवायला प्रसंगी लांबचा वळसा घ्यावा लागतो.