संकेतस्थळासाठी जागा घेताना

आपले जुने संकेतस्थळ बंद पडले ते एका चुकीमुळे. त्याचे नाव, म्हणजे डोमेन, ते बनवून देणाऱ्या मुलाच्याच नावावर होते. तो नोकरीनिमित्त परगावी गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली, आणि आम्हाला कळले तेव्हा मुदत संपून गेली होती. दोष आमचाच. म्हणून यंदा मी आधी डोमेन संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदवले. एका वेळी ते जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येते.

मग होस्टिंग, म्हणजे आपली पाने ठेवायला सर्व्हरवर भाड्याची जागा. आपल्या कामाला शेअर्ड होस्टिंग पुरते. चाळीसारखी एकाच सर्व्हरवर अनेक बिऱ्हाडे. जाहिरातीतला स्वस्त दर बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो, म्हणून मी नूतनीकरणाचा दर विचारला आणि तोच समितीपुढे ठेवला. पैसा देणगीदारांचा आहे. एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागत असतील तर दुसरीकडे पाहावे. लेट्स एनक्रिप्ट ते विनामूल्य देते.

बॅकअप होस्टिंगवाल्यांवर सोडलेला नाही. दरमहा एक प्रत पेनड्राइव्हवर, कार्यालयाच्या कपाटात. पासवर्ड आता माझ्याकडे आहे आणि खजिनदारांकडेही.