लॅपटॉप एखाद्याच दिवशी उशिरा का सुरू होतो?

सकाळी दुकान उघडावे, लॅपटॉपचे बटण दाबावे, गिऱ्हाईक बिलासाठी समोर उभे असावे आणि पडदा काळाच राहावा, असा अनुभव पुष्कळ दुकानदारांना येतो. लॅपटॉप रोजच हळू सुरू होत असेल तर तो जुना झाला, अशी मनाची समजूत घालता येते. पण सोमवारी एका मिनिटात सुरू होणारा लॅपटॉप मंगळवारी पाच मिनिटे घेतो आणि बुधवारी पुन्हा ठणठणीत असतो. दुरुस्तीला न्यावा तर तेथे तो अगदी सरळ चालतो. अशा मधूनच येणाऱ्या दोषावर पैसा फार वाया जातो. आमचाही गेला. तो हिशेब वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमचे दुकान सायकली व त्यांच्या सुट्या भागांचे. बिले, उधारी, मालाचा साठा सर्व एकाच लॅपटॉपवर. तो अधूनमधून अडू लागला तेव्हा आम्ही दुरुस्तीला दिला. कारागिराने तपासणी न करताच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगितले आणि आम्ही मान डोलावली. हिशेबाची प्रत शेवटची कधी काढली होती, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. परिणाम असा झाला की १९ दिवसांची बिले पुसली गेली. कागदी प्रतींवरून ती पुन्हा भरेपर्यंत जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची २० तारीख उलटून गेली. व्यवहार असलेल्या ३-बी विवरणपत्राला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क पडते. ते भरले, फॉरमॅटचे पैसेही दिले, आणि पंधरा दिवसांत लॅपटॉप पुन्हा अडून बसला!

वहीने दाखवलेले कारण

आमच्याकडे एखादा माणूस येऊन ‘सायकलीतून कधीकधी आवाज येतो’ म्हणाला, तर आम्ही लगेच पाना उचलत नाही. आवाज चढावर येतो की उतारावर, ब्रेक दाबल्यावर येतो की पायडल मारताना, हे आधी विचारतो. जो दोष कधीकधी दिसतो, तो ‘कधी’ दिसतो यातच त्याचे कारण असते. हा नियम आम्ही लॅपटॉपला लावला नव्हता, हीच आमची चूक.

मग एक वही केली. रोज सकाळी तारीख, लॅपटॉपला काय काय जोडलेले आहे आणि सुरू व्हायला लागलेला वेळ लिहू लागलो. वेळ मात्र एकत्र न लिहिता तीन टप्प्यांत लिहिला. बटण दाबल्यापासून विंडोजचे फिरते ठिपके दिसेपर्यंत पहिला टप्पा. ठिपक्यांपासून पासवर्ड मागेपर्यंत दुसरा. पासवर्ड दिल्यापासून बिलाचा प्रोग्रॅम उघडण्याजोगा होईपर्यंत तिसरा.

तीन आठवड्यांत पाच सकाळी उशीर झाला. पाचही वेळा उशीर पहिल्या टप्प्यात होता आणि पाचही वेळा बाहेरची हार्ड डिस्क आदल्या रात्रीपासून जोडलेली होती. त्या डिस्कवर कंपन्यांची दरपत्रके व सुट्या भागांची छायाचित्रे आहेत. ज्या संध्याकाळी तिचे काम पडे, त्या रात्री ती तशीच राहून जाई.

याचा अर्थ समजून घेणे सोपे आहे. पहिल्या टप्प्यात विंडोज सुरूच झालेली नसते. त्या वेळी मदरबोर्डवरील चिपमध्ये असलेला बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम काम करतो. कोणकोणती साधने जोडली आहेत ते तो पाहतो आणि विंडोज कोणत्या डिस्कवरून उचलायची ते ठरवतो. एखादे साधन उत्तर द्यायला वेळ लावत असेल तर बायोस त्याची वाट पाहत थांबतो. विंडोज कितीही वेळा फॉरमॅट केली तरी या टप्प्यावर तिचा काही परिणाम होत नाही. म्हणजे आमचा पैसा आणि १९ दिवसांची बिले अगदी अकारण गेली.

खात्री करण्यासाठी आम्ही डिस्क मुद्दाम जोडून दोनदा लॅपटॉप सुरू केला. दोन्ही वेळा उशीर. काढून दोनदा सुरू केला. दोन्ही वेळा एका मिनिटात काम झाले. बायोसमध्ये आतली डिस्क पहिल्या क्रमांकावर ठेवली आणि रात्री बाहेरची डिस्क काढून ठेवण्याची शिस्त लावली. खर्च शून्य.

पण गोष्ट येथे संपली नाही. डिस्क उत्तर द्यायला एवढा वेळ का लावते, ही शंका राहिली. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने तपासले तेव्हा ‘कॉशन’ म्हणजे सावधानतेचा इशारा आला. आमच्या हिशेबाची प्रतही त्याच डिस्कवर होती! लगेच नवी डिस्क आणून सर्व मजकूर हलवला. सकाळच्या त्या पाच मिनिटांकडे आम्ही केवळ कटकट म्हणून पाहिले असते, तर पुढे काय झाले असते हे सांगायला नको.

उशीर दुसऱ्या टप्प्यात असेल तर

आपल्या वहीत उशीर दुसऱ्या टप्प्यात निघाला तर तीन कारणे पाहावीत. पहिले, विंडोजचे अपडेट. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते सोडते. त्यानंतरच्या एखाद्या सकाळी यंत्राने वेळ घेतला तर तो दोष नव्हे. दुसरे, २०१२ साली विंडोज ८ बरोबर आलेली ‘फास्ट स्टार्टअप’ सोय. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. त्यात काही बिघाड असेल तर तोही तसाच परत येतो. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सर्व नव्याने सुरू होते. उशीर नेहमी ‘शट डाउन’नंतरच होत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून ही सोय काही दिवस बंद करून पाहावी.

तिसरे कारण गंभीर आहे. आतली हार्ड डिस्क खराब होऊ लागली की तिच्यावरचा एखादा भाग वाचायला तिला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो. खराब भाग वाटेत आला तर उशीर, नाही आला तर नाही. सोबत टकटक आवाज येत असेल तर एक दिवसही थांबू नये.

तिसऱ्या टप्प्यात उशीर असेल तर

‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘एस्केप’ ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील स्टार्टअपच्या यादीत आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम दिसतात. नको असलेले तेथेच बंद करावेत. अँटिव्हायरस मात्र बंद करू नये. दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर आपल्याकडे जोडलेले असेल आणि तो संगणक त्या दिवशी बंद असेल, तर त्याची वाट पाहण्यातही वेळ जातो. याच पानावर बहुतेक नव्या यंत्रांत ‘लास्ट बायोस टाइम’ असा आकडा सेकंदांत असतो. पहिल्या टप्प्याचा वेळ त्यावरून पडताळता येतो.

पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा

सर्वांत आधी हिशेबाची प्रत काढावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. मग दोन-तीन आठवडे वही ठेवावी. मग जोडलेली साधने एकेक करून काढून पाहावीत. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले तर गुण कशाने आला ते कळत नाही. त्यानंतर डिस्कची तपासणी करावी. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याचा वेळ पुष्कळ कमी होतो आणि तो खर्च सहसा वाया जात नाही. फॉरमॅट सर्वांत शेवटी.

कारागिराकडे जावे लागले तर वही सोबत न्यावी आणि उशीर कोणत्या टप्प्यात होतो ते दाखवावे. ते पाहूनही तो प्रतीविषयी न विचारता फॉरमॅटच मारू म्हणाला, तर आपला लॅपटॉप उचलून घरी आणावा.