अर्जासोबतचा कागद



दहिसरचा चेकनाका ओलांडला की मुंबईची हद्द संपते आणि ठाणे जिल्हा लागतो. तेथून जवळच असलेल्या आपल्या पेणकरपाड्यात लहान कारखान्यांचे गाळे आणि लोकवस्ती अगदी लागून आहेत. येथील कितीतरी तरुणांच्या हातांत कसब आहे. परंतु नोकरीच्या अर्जासोबत जो कागद जातो, त्यात ते उतरत नाही. आज त्या कागदाविषयीच बोलावयाचे आहे.

या कागदाला आपण 'बायोडाटा' म्हणतो. लग्न जुळवतानाही हाच शब्द वापरतो, आणि घोटाळ्याचे मूळ आमच्या मते येथेच आहे. लग्नाच्या कागदात जन्मवेळ, रास, उंची, मामाचे आडनाव हे सारे येते; कारण तेथे 'तुम्ही कोणाचे?' असा प्रश्न असतो. नोकरी देणारा विचारतो, 'तुम्हांला काय करता येते?' प्रश्न निराळा, तेव्हा उत्तरही निराळेच हवे.

लिओनार्दो दा व्हिन्ची याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला सुमारे १४८२ साली लिहिलेल्या अर्जाचा मसुदा प्रसिद्ध आहे. त्यात हलके पूल, तोफा, वेढ्याची साधने यांचे वर्णन आधी येते. आपण चित्रेही काढतो, हे तो शेवटी सांगतो. युद्धाच्या चिंतेत असलेल्या धन्याची गरज ओळखून त्याने आपल्या गुणांचा क्रम लावला. आपणही जाहिरात दोनदा वाचावी आणि मगच लेखणी उचलावी.

समजा, एका तरुणाने गाळ्यात ४ वर्षे लेथ चालवले आहे. तो लिहितो : 'मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू आहे.' ही विशेषणे कोणीही लिहील. त्याऐवजी त्याने असे लिहावे : 'लेथवर ४ वर्षे काम. ड्रॉइंग वाचून पितळी झडपांचे भाग बनवतो. व्हर्नियरने ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप घेतो. दोन नव्या मुलांना काम शिकवले.' येथे स्वतःची स्तुती करणारे एकही विशेषण नाही. तरी त्याचा कष्टाळूपणा वाचणाऱ्याला आपोआप कळतो. बचत गटाचा हिशेब ३ वर्षे सांभाळणारी गृहिणी 'अनुभव नाही' असे लिहिते, तेव्हाही आम्हांला वाईट वाटते. हिशेब चोख ठेवणे हा अनुभव नव्हे काय?

आता मांडणी. नाव, दूरध्वनी व ई-मेल वर, मग अलीकडचे काम आधी, जुने नंतर, त्याखाली शिक्षण. नवख्याला एक पान पुरते, अनुभवी माणसाला दोन. मोठ्या कंपन्यांत पुष्कळदा संगणकच अर्जांची पहिली चाळणी करतो. म्हणून जाहिरातीतील जे शब्द आपल्याला खरोखर लागू पडतात, ते आपल्या कागदात जसेच्या तसे असावेत. मात्र जे येत नाही ते लिहू नये. कागदावर लिहिलेला आटा यंत्रावर काढून दाखवण्याची वेळ येते. आजारपणामुळे वर्ष गेले असेल, घरच्यांच्या शुश्रूषेसाठी काम सोडले असेल, तर ते एका ओळीत सरळ सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

कागद इंग्रजीत दुसऱ्याकडून लिहवून घेतला, तर प्रत्येक ओळीचा अर्थ समजून घ्यावा; मुलाखतीला तो लिहिणारा येत नाही. आधार क्रमांक वा बँकेच्या खात्याचा क्रमांक त्यात घालू नये. आणि कागद पाहून कोणी 'आधी पैसे भरा, मग नोकरी' म्हणाला, तर तेथून उठून यावे.

आज घरी गेल्यावर एवढेच करा : गेल्या आठवड्यात आपण हातांनी काय काय केले, ते दहा ओळींत लिहून काढा. मुलांनी वडिलांना विचारावे, सुनांनी सासूबाईंना विचारावे. ज्या कामाला आपण आजवर 'त्यात काय मोठेसे' म्हणत आलो, ते त्या दहा ओळींत बहुधा सापडेल. कागदाची सुरुवात तेथून करावी.