दहा गुंठ्यांचा हिशेब

आरेतली शेती

गोरेगावच्या आरे वसाहतीत केलटीपाडा, खांबाचा पाडा अशा आदिवासी पाड्यांवर पावसाळ्यात भात होतो, मांडवावर काकडी, शिराळी, कारली चढतात. दारात कोंबड्या, जमल्यास दोन-चार शेळ्या. मुंबईला दूध पुरवण्यासाठी १९४९ साली वसवलेल्या या वसाहतीत म्हशींचे तबेलेही आहेतच. भात, भाजी, जनावर, शेण हे एकात्मिक शेतीचे घटक असे शेजारी शेजारी नांदतात. प्रश्न त्यांना एकमेकांशी जोडण्याचा आहे.

जोडणी कशी होते

भाताचा पेंढा जनावराला, शेण गांडूळखताला, खत भाजीला, भाजीचा टाकाऊ पाला कोंबड्यांना. तळे असेल तर साखळी आणखी लांबते. शेणखतामुळे पाण्यात प्लवक वाढते, त्यावर मासे वाढतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिघांना एकत्र सोडतात. खताचा आणि खाद्याचा खर्च घटतो, पण माझ्या मते खरा फायदा पैशाच्या वेळापत्रकात आहे. दूध रोज, अंडी आठवड्याच्या बाजाराला, भाजी हंगामभर, आणि भात व मासे वर्षातून एकदा. एक पीक बुडाले तरी घरातली चूल सावकाराच्या दारी जात नाही.

संशोधन कुठे चालते

मासळीचे शास्त्र तर अंधेरीतच आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून या क्षेत्रातली माणसे घडवते. कोकणातल्या भाताभोवतीच्या शेतीपद्धतींवर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कर्जत केंद्र काम करते. देशभरच्या अशा केंद्रांचा समन्वय मेरठजवळच्या मोदीपुरमहून होतो.

प्रात्यक्षिक आणि पाडा

केंद्रावरचे प्रात्यक्षिक पाड्यावर उतरवताना पहिला प्रश्न जमिनीचा. सरकारी व्याख्येत एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला तो अत्यल्पभूधारक. हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे. पाड्यावर दहा गुंठेही मोठे वाटतात, आणि सातबारा नावावर नसेल तर तळ्याचे अनुदान तिथेच अडते. आरेत आणखी एक अडचण आहे, जी प्रात्यक्षिकाच्या आराखड्यात सहसा नसते: बिबट्या. शेळीपालनाची शिफारस करायची, तर रात्रीच्या मजबूत, छप्पर असलेल्या गोठ्याचा खर्च आधी धरावा लागतो.

पाण्याचेही तसेच. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून तितक्याच घाईने निघून जातो. तळे उन्हाळ्याआधी आटणार असेल, तर त्यात मत्स्यजिरे सोडून भागत नाही. मोठी बोटुकली सोडावी, म्हणजे पाणी संपायच्या आत मासा विकण्याजोगा होतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तळाचा चिखल नसतो, तिथे मृगळाला वरून खाद्य द्यावे लागते.

सल्ला कोणी द्यायचा

इथे घोडे अडते. बियाणे कृषी विभागाकडे, शेळ्या पशुसंवर्धनाकडे, मत्स्यबीज मत्स्यव्यवसायाकडे. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, साहेब वेगळा, मार्चअखेरचे उद्दिष्टही वेगळे. घर मात्र एकच, आणि राबणारे हातही तेच. लावणीच्या ऐन दिवसांत गांडूळखताचे प्रशिक्षण ठेवले, तर रिकाम्या खुर्च्यांचा दोष शेतकऱ्याचा नव्हे. कृषी विज्ञान केंद्रात निरनिराळ्या विषयांचे तज्ज्ञ एका छपराखाली बसतात, म्हणून ती रचना मला जास्त कामाची वाटते.

तिथूनही पाड्यावर जाणाऱ्याने योजनेचे पत्रक काढण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते, आणि दुपारी जनावरांना पाला-पाणी कोण करते? बहुतेक घरांत ते काम बाई करते. बैठकीचा निरोप मात्र सातबाऱ्यावरच्या पुरुषाला जातो.