पेंढ्याला जोड घासाची हवी, नुसत्या वाढ्यांची नको



गळीत हंगाम सुरू झाला, की एकलहरे गटात गोठ्यागोठ्यापुढे वाढ्यांचे भारे दिसू लागतात. हिरवी वैरण म्हणून वाढे, आणि कोरडी म्हणून इगतपुरी-त्र्यंबककडचा भाताचा पेंढा. गाईचे पोट तर भरते, पण दूध वाढत नाही. मग बोल लागतो गाईला. आमचे म्हणणे असे, की गाय बदलण्याआधी वैरणीची जोडी तपासावी.

पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के, आणि सिलिका भरपूर. गाईच्या कोटीपोटात वैरण फोडण्याचे काम सूक्ष्म जीव करतात. उसाला नत्र कमी पडला की वाढ खुंटते, तसेच या जीवांचे आहे. नत्र मिळाला नाही तर पेंढा पोटात रेंगाळतो आणि गाय पुढची वैरण कमी खाते.

वाढ्यांनी ही तूट भरत नाही, कारण त्यांतही प्रथिने कमीच. शिवाय पेंढा आणि वाढे या दोहोंत ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला धरून बसते, म्हणून तो अंगी न लागता शेणावाटे जातो. दुधाची गाय मग हाडांतला कॅल्शियम खर्च करते आणि आतून खंगते.

मुरवल्याने तरी प्रश्न सुटतो का? जपानात भाताचे उभे पीक ओंब्यांसकट कापून मुरघास करतात. तिथेही टरफलामुळे बरेच दाणे शेणातून अख्खे पडतात. म्हणजे भात मुरवला तरी जोड लागतेच. मक्याच्या मुरघासाने ताकद मिळते, पण प्रथिनांची उणीव पुरती भरत नाही.

ती भरतो लसूणघास. वाळल्या वजनावर त्यात १८ ते २० टक्के प्रथिने असतात, आणि कॅल्शियमही भरपूर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा वाण आपल्याकडे चांगला येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरावा. एका गाईमागे विहिरीजवळचे चार-पाच गुंठे पुरे.

एवढे ध्यानात ठेवावे :

१) दुभत्या गाईला रोज ८ ते १० किलो घास द्यावा. वाढे बंद करू नयेत, पण निम्म्यावर आणावेत.

२) ओला घास उपाशीपोटी देऊ नये, पोट फुगते. सुकवून, पेंढा खाल्ल्यावर द्यावा.

३) रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे.

४) वैरणीतला बदल ८-१० दिवसांत हळूहळू करावा.

५) शेण पाहावे. त्यात लांब काड्या दिसल्या, तर वैरण पचत नाही असे समजावे.

उसाचे पैसे हंगामातून एकदा हाती येतात, दुधाचे दर आठवड्याला. तेव्हा यंदा लागणीचा विचार करताना घासासाठी चार गुंठे आधी बाजूला काढा, मग उसाच्या सऱ्या पाडा.

— ऊस विकास अधिकारी